फक्त पडण्याचं कार्ड

माझे सासरे मी ठोकलेल्या कुठल्याही वस्तूखाली बसत नाहीत. आमच्या घरात खुर्ची ओढण्याआधी ते वर बघतात. वर मी लावलेली फोटोची फ्रेम असेल तर खुर्ची हातभर सरकते, घड्याळ असेल तर आणखी सरकते, आणि दोन्ही असतील तर ते उभ्यानेच चहा घेतात.

याला कारण एक फळी. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने फळी बसवली होती आणि तिच्यावर डबे रचून ठेवले होते. जावई घरकामात तरबेज आहे एवढं त्यांना दिसावं, बाकी काही हेतू नव्हता. सासरे आत आले, फळीकडे पाहून म्हणाले, "ही पडेल." आणि ती पडली. त्यांचं वाक्य पुरतं संपायचीही तिने वाट पाहिली नाही. त्या दिवसापासून मी जावईबापू राहिलो नाही, 'फळीवाले' झालो. "फळीवाले आले का ऑफिसातून?" असं ते मुलीला फोनवर विचारतात आणि ती "हो, आत्ताच आले" म्हणून मोकळी होते. निदान एकदा तरी तिने "कोण?" असं विचारायला हवं होतं.

पण सासऱ्यांची बाजूही सांगायला हवी. त्यांची उभी हयात पूल तपासण्यात गेली. पुलाखाली उभं राहायचं, छोट्या हातोडीने ठोकायचं, कान देऊन आवाज ऐकायचा आणि हा राहील की पडेल ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. त्यांनी 'राहील' म्हटलेला एकही पूल आजवर पडलेला नाही. त्यांनी 'पडेल' म्हटलेले काही पूल अजून उभे आहेत, आणि त्यांचा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही.

तर गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून बाबा आमच्याकडे आले. (मी त्यांना बाबाच म्हणतो. ते मला काय म्हणतात ते वर आलंच आहे.) गुडघा बरा झाला, काठी सुटली, आणि एके सकाळी त्यांची बॅग दाराशी येऊन बसली. मी ती सहज बाजूला सरकवायला गेलो तर हलेना. कपड्यांची बॅग इतकी जड कशी, हा प्रश्न मला पडला, पण विचारायची सोय नव्हती.

"बाबा, कशाला घाई करताय?" बायको म्हणाली.

"मला इथे काम काय?" बाबा म्हणाले.

"काम कशाला हवं? आराम करा ना."

"झाला करून."

आता ते ज्या घरी परत जाणार होते ते तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, सोबत कोणी नाही. नवा गुडघा आणि जुना जिना यांचं जमेल अशी खात्री डॉक्टरसुद्धा देत नव्हते. बायको मला बाल्कनीत घेऊन गेली आणि डोळे पुसत म्हणाली, "अहो, काहीही करा, पण बाबांना जाऊ देऊ नका. तिथे पडलेबिडले तर कळणारसुद्धा नाही आपल्याला."

मी हरवलेल्या सामानाच्या कार्यालयात नोकरी करतो. बसमध्ये लोक जे विसरून जातात ते आमच्याकडे येतं आणि त्यातलं बरंचसं आमच्याकडेच राहतं. माणसं थांबवून ठेवण्याचा मला अनुभव नाही. तरी मी "बघतो" म्हणालो. नवरा या नात्याने तेवढं म्हणावंच लागतं.

पहिला उपाय बायकोनेच केला. ती घरी बसून शाळेच्या पुस्तकांची पानं लावून देण्याचं काम करते. त्यासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये एक खेळ आयताच आला होता. नदीवर पूल बांधायचा, मग त्यावरून ट्रक सोडायचे, पूल टिकला तर पुढची नदी. तिने बाबांना समोर बसवलं. बाबांनी आधी वर बघितलं, वर काही नव्हतं. मग बसले.

"खेळ?" ते म्हणाले. एवढा एकच शब्द, पण त्यात सगळं आलं.

तरी त्यांनी एक पूल बांधला. सुरेख बांधला असणार, कारण ट्रकमागून ट्रक गेले तरी तो हलेना. मग त्यांनी मुद्दाम मधला एक आधार काढून घेतला आणि ट्रक सोडला. पूल पडला. तुळई मोडून नदीत गेली, पाण्यावर टुणकन उडाली, परत वर आली आणि हवेत जराशी रेंगाळून मग खाली बसली. ट्रक तर पाण्यात पोचेपर्यंत तीन कोलांट्या मारून सावकाश उतरला.

बाबा ताडकन उभे राहिले. ऑपरेशननंतर इतक्या झटक्यात ते पहिल्यांदाच उठले.

"लोखंडी तुळई आहे ती! बेडूक आहे का?"

"बाबा, खेळ आहे तो," मी म्हणालो.

"म्हणून काय कसंही पडायचं? फळीवाले, तुमची फळीसुद्धा याच्यापेक्षा नीट पडली होती!"

एवढ्या वर्षांत माझ्या फळीबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. मी आतल्या आत सुखावलो. बाबा पुन्हा पुन्हा पूल बांधत होते, पुन्हा पुन्हा पाडत होते आणि दर वेळी कपाळावर हात मारत होते. त्या दिवशी ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. बॅग दाराशी होती, पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. "हा एकदा नीट पडायला हवा," एवढंच ते घोकत होते.

आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. हा पूल मी नीट पाडून दाखवला तर? त्या जुन्या फळीचा हिशेब तिथल्या तिथे चुकता होईल आणि कदाचित मी पुन्हा जावईबापू होईन.

कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराने माझं म्हणणं डॉक्टरच्या गांभीर्याने ऐकून घेतलं. "कसं आहे साहेब," तो म्हणाला, "तुमच्या मशीनमध्ये डोकं एक. त्यानेच चित्र काढायचं, त्यानेच आवाज द्यायचा, त्यानेच पाडायचं. पाडायला डोकं लागतं. कुठून पडलं, किती वजन, कशावर आपटलं, किती तुकडे झाले, तुकडा कुठे गेला. तेवढा हिशेब त्याला झेपत नाही. मग ते अंदाजपंचे पाडतं."

"मग उपाय?"

तो माळ्यावर चढला आणि धुळीने माखलेला एक खोका घेऊन उतरला. खोक्यावर स्फोटाचं चित्र होतं. "हे कार्ड. हे चित्र काढत नाही, आवाज करत नाही, काही नाही. फक्त भौतिकशास्त्र. पडणं, मोडणं, आपटणं, घरंगळणं. बाकी दुनियेशी याला देणंघेणं नाही."

मला क्षणभर वाटलं तो माझ्या सासऱ्यांचंच वर्णन करतोय.

"नवीन मशीनमध्ये आता हे वेगळं लागत नाही," दुकानदार पुढे म्हणाला, "पण तुमचं जुनं आहे, त्याला हे फिट. शेवटचा पीस आहे. आणि एक सांगून ठेवतो, हे परत घेतलं जाणार नाही." शेवटचं वाक्य उच्चारताना तो इतका आनंदी का दिसला ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी येऊन मी कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि कार्ड आत बसवायला गेलो. कार्ड लांब होतं, डबा आखूड. कार्डाची शेपटी बाहेर राहत होती. मी तिरपं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं, विनवून पाहिलं. एवढ्यात शेजारचे अनुभवी आले. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण इमारतीत सगळे त्यांना अनुभवी म्हणतात, कारण विषय कुठलाही निघाला तरी "मला याचा अनुभव आहे" हे त्यांचं पहिलं वाक्य असतं.

"मला याचा अनुभव आहे," अनुभवी म्हणाले. "माझ्या मेव्हण्याच्या कपाटाचं असंच झालं होतं. वस्तू मावत नसेल तर वस्तूला हात लावायचा नाही. कपाट कापायचं."

आणि ते लोखंड कापायची करवत घेऊनच आले. डब्याची बाजू कापताना जो आवाज झाला त्याने वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले आणि खालचे वर. सगळ्यांनी कामाची पाहणी केली. एकजण म्हणाले की भोक गोल हवं होतं. एक बाई म्हणाल्या की त्यांच्या भाचीकडे न कापलेला डबा आहे. बाबा खोलीच्या उंबऱ्यात हाताची घडी घालून उभे होते. ते नुसती मान हलवत होते, आणि ती होकाराची होती की नकाराची हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

कार्डाची शेपटी भोकातून बाहेर काढून मी बटण दाबलं. कार्डावरचा पंखा घरघरला आणि त्याच क्षणी घरातली वीज गेली. मग मजल्यावरची गेली. मग जिन्यातली. आमच्या इमारतीची वायरिंग करणारा माणूस स्वभावाने माझ्यासारखाच असावा, कारण माझ्या घरातला फ्यूज उडाला की लिफ्ट थांबते. लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीचे सचिव होते. नुसते सचिव असते तरी मी निभावून नेलं असतं, पण ते सगळ्यांना वाटायला निघाले होते ती सूचना नेमकी "विजेचा वापर जबाबदारीने करावा" अशी होती.

त्यांना दोन मजल्यांच्या मधून ओढून काढल्यावर ते आधी शर्ट झटकून नीट उभे राहिले आणि मग म्हणाले, "कारण?"

"भौतिकशास्त्र," मी म्हणालो.

"ते शाळेत करा. घरात करायचं असेल तर वीज कार्यालयाची परवानगी आणा. तोवर तुमच्या मशीनचं बटण दाबाल तर याद राखा."

वीज कार्यालयाच्या खिडकीत बसलेल्या गृहस्थांना मी सांगितलं की घरासाठी जादा लोड मंजूर करून हवाय.

"कशाला?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"कॉम्प्युटरला."

"कॉम्प्युटरला लागत नाही."

"त्यात एक कार्ड आहे."

"काय करतं?"

"पाडतं."

"काय पाडतं?"

"सध्या पूल."

आता त्यांनी वर पाहिलं. नीट पाहिलं. मग मागे वळून आपल्या वरिष्ठांना हाक मारली. "साहेब, यांना घरात पूल पाडायचाय."

"पाडकाम पलीकडच्या खिडकीत," आतून आवाज आला.

पलीकडच्या खिडकीतल्या बाई कामाला तत्पर होत्या. "पूल कुणाच्या मालकीचा?"

"माझ्या सासऱ्यांनी बांधलाय."

"त्यांची हरकत नाही ना?"

"त्यांनाच पाडून हवाय. नीट."

"कुठल्या नदीवर?"

मी खरं बोलायची सवय लावून घेतली आहे, आणि तिने माझं आयुष्यात कधी भलं केलेलं नाही. "नदी बायकोच्या कॉम्प्युटरमध्ये आहे," मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मागे रांगेत उभा असलेला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "घरात माणूस आजारी असेल बिचाऱ्याच्या." शेवटी असं ठरलं की वीजवाले साहेब प्रत्यक्ष घरी येऊन काय पडतंय ते डोळ्यांनी बघतील आणि मग परवानगीचं ठरवतील. तोवर आमच्या मजल्याची लाइन लिफ्टपासून वेगळी करून देण्याची कृपा त्यांनी केली. सचिवांनी स्वतः फोन केला होता म्हणे.

आता प्रश्न राहिला उष्णतेचा. ते कार्ड चालू झालं की असं तापायचं की त्याच्यापुढे ओला टॉवेल वाळला असता, आणि मला मशीन लगेच बंद करावं लागायचं. "मला याचा अनुभव आहे," अनुभवी म्हणाले. "उंचावर ठेवा. गरम हवा वर जाते. मशीन आधीच वर असेल तर हवेला जाण्याचे कष्ट नाहीत." हे शास्त्र मला पटलं. खिडकीच्या वरच्या बाजूला वाराही चांगला येत होता. म्हणजे तिथे हवी होती एक फळी.

मी हा शब्द उच्चारला तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला. ती बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. कॉम्प्युटरमधली आपली सगळी कामं तिने मैत्रिणीच्या मशीनवर हलवली आणि खिडकीखालची आपली कुंडी उचलून बाल्कनीत ठेवली. मग मी ड्रिल लावून भिंतीत भोक पाडत असताना ती शेजारी येऊन उभी राहिली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "हे सगळं तुम्ही कशासाठी करताय?"

"पूल नीट पडावा म्हणून! बाबांना तेवढंच हवंय."

"आणि नीट पडल्यावर?"

"खूश होतील."

"खूश होतील आणि जातील," ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी सांगितलंय त्यांनी. हा एकदा नीट पडताना बघतो आणि निघतो. तो नीट पडत नाहीये म्हणून तर थांबलेत ना ते इथे!"

माझ्या हातातलं ड्रिल भिंतीत तसंच गरगरत राहिलं. "मग तू हे मला आधी नाही का सांगायचंस? डबा कापला, सचिव अडकले, मी वीज कार्यालयात वेडा ठरलो!"

"मला वाटलं तुमच्याच्याने ते व्हायचंच नाही," ती अगदी सरळपणे म्हणाली. "म्हणून मी निर्धास्त होते."

नवऱ्यावर एखादीचा विश्वास असावा तर असा. एकीकडे वाटत होतं की ड्रिल खाली ठेवावं आणि कार्ड बसमध्ये विसरून यावं. पण दुसऱ्या दिवशी वीजवाले साहेब यायचे होते, सचिव यायचे होते, दुकानदार 'कार्ड कसं चालतं ते बघायला' यायचा होता, आणि अनुभवींना तर बोलवायची गरजच नव्हती. एवढ्या लोकांसमोर माघार घ्यायची माझी तयारी नव्हती. मी फळी बसवली. भोकांत प्लॅस्टिकचे गट्टू ठोकले, स्क्रू पिळले, अनुभवींनी डोळा बारीक करून "सरळ आहे" असा निर्वाळा दिला, आणि शेपटीवाला डबा वर चढला.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. खोलीत माणसं मावेनात. बाबा आले आणि नेहमीप्रमाणे त्यांनी वर पाहिलं. फळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पण बाबा 'पडेल' असं म्हणाले नाहीत. त्यांनी खुर्ची तेवढी बाजूला घेतली आणि बसले. मी बायकोला कोपराने खुणावलं. बाबांनी बघूनही जी पडली नाही अशी ही माझी पहिलीच फळी होती.

बटण दाबलं. पंखा घरघरला. दिवे गेले नाहीत. लिफ्ट चालू असल्याची सचिवांनी जिन्यात जाऊन खात्री करून घेतली. बाबांनी पूल बांधायला घेतला. काय सांगू, त्या वेळची माझी अवस्था मोठी विचित्र होती. पूल नीट पडला तर बाबा जाणार, आणि त्यांच्यामागे बायकोचं रडणं राहणार. नीट नाही पडला तर या सगळ्या मंडळींसमोर माझं नाक कापलं जाणार. पडावा असंही वाटत होतं आणि पडू नये असंही. बायको दाराशी उभी होती, तिचा हात त्या बॅगेवर होता.

बाबांनी मधला आधार काढला. ट्रक निघाला. पूल वाकला, मोडला, तुळई नदीत गेली, आणि टुणकन उडून वर आली.

पंखा तेवढा घरघरत होता.

"बेडूक," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी दुकानदाराकडे पाहिलं. त्याने पुढे होऊन चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि कान खाजवत म्हणाला, "कार्ड एकदम फर्स्ट क्लास चाललंय. पण हा खेळ त्याला ओळखत नाही. या कार्डाला ओळखणारे खेळच मुळात थोडे आले. हा त्यातला नाही."

"मग हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

म्हणजे इतके दिवस ते कार्ड नुसतंच तापत होतं. वीजवाले साहेबांनी घड्याळात पाहिलं. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. अनुभवी म्हणाले की त्यांना याचा अनुभव नाही, आणि हे ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत असावेत. माझा चेहरा तापून लाल झाला होता, तरी मनातून मला हायसं वाटलं. नाक गेलं तर गेलं, पण बाबा राहिले.

तेवढ्यात बाबा उठले. "चला," ते म्हणाले. "हे काही नीट पडायचं नाही. उगाच मी आशेवर बसलो होतो. निघतो मी."

"बाबा!" बायको म्हणाली.

"अगं, मला इथे काम काय?" त्यांनी बॅगेच्या बंदाला हात घातला. मी पुढे झालो. एवढा खटाटोप करून मला एक साधं वाक्य जमत नव्हतं. बाबा, राहा ना. बस. पण ज्या माणसाने इतकी वर्षं मला फळीवाले म्हटलं त्याला हे म्हणायला जीभ उचलेना. आणि म्हणूनच मला ते मनापासून म्हणायचं होतं.

तेवढ्यात वर 'कट्' असा आवाज झाला.

बाबा थांबले. त्यांनी मागे वळून न बघता हात वर केला. "कोणी हलू नका," ते म्हणाले. "डावा वरचा स्क्रू गेला."

मग ते सावकाश वळले. त्यांचे डोळे चमकत होते. "आता खालचा जाईल." कट्. "आता भार उजवीकडे. पंख्याच्या थरथरीने उजवाही सुटत आलाय. आता फळी फिरेल, डबा आधी घसरेल, मग फळी. वीजवाले, एक पाऊल मागे या. बस. आत्ता."

आणि ते सगळं त्याच क्रमाने झालं. फळी फिरली, डबा घसरला, शेपटी खिडकीच्या चौकटीला लागून डबा अर्धा वळला, कोपऱ्यावर आपटला, फळी त्याच्यावर आली, आणि मागून भिंतीचा ढलपा सुटून सगळ्यावर पांढरी पूड बसली. वीजवाले साहेबांच्या बुटापर्यंत एक स्क्रू घरंगळत आला आणि तिथे थांबला. काहीही टुणकन उडालं नाही.

बाबांनी दीर्घ श्वास घेतला. "वा!" ते म्हणाले. "याला म्हणतात पडणं."

मग ते माझ्याकडे वळले. "कालच्या भोकांची माती बघितली तेव्हाच कळलं होतं मला. पण म्हटलं, बोलायचं नाही. एकदा नीट बघायचं होतं."

त्यांनी बॅग उघडली. वरचे दोन सदरे बाजूला केले आणि तळातून त्यांची ती हातोडी काढली. हातोडीच्या शेजारी आणखी दोन हातोड्या होत्या, त्याहून मोठ्या. बॅग का हलत नव्हती ते मला आता कळलं. त्यांनी भिंतीच्या त्या जागेला ठोकलं आणि कान लावला.

"गिलावा. नुसता गिलावा. भिंत अजून इंचभर आत आहे, फळीवाले. तुमचा स्क्रू तिथवर पोचलाच नाही." त्यांनी घड्याळाजवळ ठोकलं. "हेही गिलाव्यात." फ्रेम. "हीसुद्धा." पडद्याचा दांडा. तिथे त्यांनी नुसतं बोट लावलं आणि दांड्याचं एक टोक त्यांच्या हातात आलं. एकेका जागेबरोबर त्यांचा चेहरा खुलत चालला होता. ऑपरेशन झाल्यापासून इतके ताजेतवाने ते मला कधी दिसले नव्हते.

"अगं, हे घर राहण्यालायक नाही!" ते मुलीला आनंदाने म्हणाले. "एक गोष्ट धड लावलेली नाही यात! तुझ्या कपाटावर काय आहे? ते कोणी ठोकलंय?"

"यांनीच," बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "बाबा, किती दिवस लागतील हे सगळं तपासायला?"

बाबांनी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, एखाद्या जुन्या पुलाकडे पाहावं तसं.

"हे जोवर ठोकतायत तोवर मला हलता यायचं नाही," ते म्हणाले.

त्यांची बॅग आता आतल्या खोलीत कपाटाखाली असते, रिकामी. सचिवांनी त्याच दिवशी हात जोडून जिन्याचा कठडाही एकदा ऐकून घ्या अशी विनंती केली आणि हल्ली बाबा सकाळी हातोडी घेऊन बाहेर पडतात ते जेवायला परत येतात. मधल्या मजल्यावरचे लोक त्यांना चहाला बोलावतात, आणि ते वर बघून बसतात. वीज कार्यालयाने मला जादा लोड नाकारला. त्यासोबत, पूल पाडून झाला असल्यास राडारोडा वेळेत उचलावा, अशी समजही दिली.

ते कार्ड एवढ्या उंचावरून पडूनही धडधाकट आहे. दुकानदाराने शब्दाला जागून ते परत घेतलं नाही. बायकोने नवा डबा आणला आहे आणि तो जमिनीवर ठेवला आहे.

आणि मी अधूनमधून एक फळी बसवतो. स्क्रूची पुडी बायकोच आणून देते आणि "फार घट्ट नका हं बसवू," असं हळूच कानात सांगते. मग मी हाक मारतो, बाबा हातोडी घेऊन येतात, ठोकतात, ऐकतात आणि म्हणतात, "प्रगती नाही, जावईबापू." हो, जावईबापू. मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते कळलेलं नाही, आणि मी ते लक्षात आणून देत नाही.

बायकोला वाटतं, मी बाबांसाठी फळ्या मुद्दाम ढिल्या बसवतो. तिचा हा समज मी अजून दूर केलेला नाही.